मदत हवी आहे: भगिनींनी संदेश देण्याबद्दल

सर्वांना सलाम. येत्या रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) संदेश द्यायला पाळकसाहेबांनी मला सांगितलंय. पण एका वडीलधाऱ्या काकांनी शास्त्र (बायबल) उघडून १ करिंथ १४:३४ वर (पौलाचं करिंथकरांना पहिलं पत्र, अध्याय १४, वचन ३४) बोट ठेवलं, "स्त्रियांनी गप्प राहावं." घरी येऊन वाचलं तर त्याच पत्रात ११:५ मध्ये प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या बायका आहेत, फक्त डोक्यावर पदर हवा! मग १४ वा अध्याय नेमका कोणाला गप्प करतो? रोम १६:१ मधली मंडळीची सेविका फीबीही आहेच. पण १ तीमथ्य २:१२ वर, जिथे स्त्रीला शिकवायला परवानगी नाही असं म्हटलंय, मात्र मी अडते.

पंडिता रमाबाईंनी अख्खं शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणलं. या वचनांचं त्यांचं भाषांतर कोणाकडे असेल तर फोटो पाठवाल का? आणि काकांना न दुखवता काय सांगू?