‘गुडघे टेकणे’, ‘निषेध’, ‘अवमान’, ‘बहिष्कार’ : खेळाडूंच्या आंदोलनांविषयी लिहिताना

प्रश्न

अमेरिकी फुटबॉलपटू कॉलिन कॅपरनिक यांच्याविषयी लिहिताना मी ‘त्यांनी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघे टेकले’ असे वाक्य लिहिले. ते वाचून एका ज्येष्ठ स्नेह्यांनी विचारले, की ते शरण कोणाला गेले? त्यानंतर पाहिले तर अशा प्रसंगांसाठी ‘राष्ट्रगीताचा निषेध’, ‘राष्ट्रगीताचा अवमान’, ‘सामन्यावर बहिष्कार’, ‘मूठ उगारली’ असे शब्दप्रयोग सरसकट केले जातात असे लक्षात आले. यांपैकी योग्य कोणते आणि त्यांत नेमका फरक काय, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

उत्तर

आपल्या स्नेह्यांची शंका रास्त आहे. ‘गुडघे टेकणे’ हा मराठीत इतका रुळलेला वाक्प्रचार आहे, की तो ऐकताना जमिनीला लागलेले गुडघे कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. हार मानली, एवढेच समजते. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत ट्वेंटी-२० विश्वचषकातील भारत-पाकिस्तान सामन्यापूर्वी भारतीय खेळाडू वर्णद्वेषाविरुद्धच्या चळवळीला पाठिंबा म्हणून एका गुडघ्यावर बसले, पाकिस्तानच्या खेळाडूंनी छातीवर हात ठेवला, आणि नंतर तो सामना पाकिस्तानने दहा गडी राखून जिंकला. त्या दिवसाविषयी ‘भारताने पाकिस्तानसमोर गुडघे टेकले’ असे लिहिले, तर मराठी वाचक ते पराभवाविषयीच वाचणार, आणि सामन्यापूर्वीची कृती त्या वाक्यातून पूर्णपणे नाहीशी होणार.

कॅपरनिक यांच्या बाबतीत हा घोळ अधिक गंभीर आहे, कारण त्यांनी ती बैठक विचारपूर्वक निवडली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये, हंगामापूर्वीच्या सामन्यांत, राष्ट्रगीत सुरू असताना ते प्रथम बाकावर नुसते बसून राहिले होते. कृष्णवर्णीयांवर पोलिसांकडून होणाऱ्या अत्याचारांकडे लक्ष वेधणे हा हेतू त्यांनी सांगितला. तरीही सैनिकांच्या कुटुंबांसह अनेकांना ते बसणे लागले. तेव्हा लष्कराच्या विशेष दलात काम केलेले माजी फुटबॉलपटू नेट बॉयर यांच्याशी त्यांची चर्चा झाली. सैनिक आपल्या मृत सहकाऱ्याच्या थडग्यापुढे एका गुडघ्यावर बसतो, त्यामुळे बाकावर बसण्याऐवजी तसे बसावे, असे बॉयर यांनी सुचवले, आणि १ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन डिएगो येथील सामन्यात कॅपरनिक आणि त्यांचे सहकारी एरिक रीड हे दोघे तसे बसले. अर्ध्यावर उतरवलेल्या ध्वजासारखी ती मुद्रा आपल्याला वाटली, असे रीड यांनी पुढे लिहिले. ज्या कृतीत शोक आणि आदर दोन्ही आहेत, तिला शरणागतीचा वाक्प्रचार लावणे हा शब्दाचा दोष आहेच, शिवाय त्या दोघांवर अन्यायही आहे.

म्हणून ‘एका गुडघ्यावर बसले’ किंवा ‘एक गुडघा जमिनीवर टेकवून बसले’ असे लिहावे. एकवचन आले, ‘जमिनीवर’ हा शब्द आला, ‘टेकले’ऐवजी ‘टेकवून’ आले, की वाक्प्रचाराची पकड सुटते आणि वाचकाला शरीराची ठेवण दिसू लागते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिक जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतरच्या लेखनात तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून धरला होता, आणि त्यानंतर ८ जुलै रोजी साउदॅम्प्टनच्या कसोटीत इंग्लंड आणि वेस्ट इंडिजचे खेळाडू एका गुडघ्यावर बसले. तिथे दाबलेला गुडघा आणि इथे टेकवलेला गुडघा या दोहोंची क्रियापदे वेगळी राहिलीच पाहिजेत.

आता ‘निषेध’. संस्कृतात आणि जुन्या मराठीत या शब्दाचा अर्थ मनाई असा आहे. ‘विधिनिषेध’, ‘निषिद्ध’ या शब्दांत तो अजून टिकून आहे. आजच्या वापरात मात्र निषेध म्हणजे जाहीर नापसंती, आणि ती कशाविषयी आहे हे षष्ठी विभक्तीने सांगितले जाते : हल्ल्याचा निषेध, दरवाढीचा निषेध. त्यामुळे ‘राष्ट्रगीताचा निषेध’ असे लिहिले की खेळाडूचा आक्षेप राष्ट्रगीतावर आहे, असाच अर्थ होतो. ‘राष्ट्रगीताच्या वेळी केलेला निषेध’ या रचनेत राष्ट्रगीत हा केवळ प्रसंग ठरतो आणि निषेधाचा विषय सांगण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर राहते. ती त्याने ‘पोलिसी अत्याचारांचा’ असा शब्द घालून पार पाडावी. इंग्रजी मथळ्यांत दोन नामे शेजारी ठेवून काम भागते, संबंध कोणता ते सांगावे लागत नाही. मराठीत प्रत्यय निवडावाच लागतो, आणि तो निवडताना आपण नकळत एका बाजूचे म्हणणे लिहून बसतो.

‘मूठ उगारली’ हे तर टाळावेच. उगारतात तो हात, ती काठी. त्यात मारण्याचा पवित्रा आहे. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीच्या पदकवितरणात अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी माना खाली घालून, काळा हातमोजा घातलेली एकेक मूठ वर केली होती. हातमोज्यांची एकच जोडी जवळ असल्याने स्मिथ यांची उजवी मूठ आणि कार्लोस यांची डावी मूठ वर दिसते. कृष्णवर्णीयांच्या दारिद्र्याची खूण म्हणून दोघांच्या पायांत बूट नव्हते, फक्त काळे मोजे होते. दुसऱ्या क्रमांकावरील ऑस्ट्रेलियाचे पीटर नॉर्मन निश्चल उभे होते, पण स्मिथ आणि कार्लोस यांच्याप्रमाणे त्यांच्याही छातीवर मानवी हक्कांच्या मोहिमेचा बिल्ला होता. हा मानवी हक्कांसाठीचा अभिवादनाचा प्रकार होता, असे स्मिथ यांनी नंतर सांगितले. ‘मूठ उंचावली’ एवढे लिहिणे पुरेसे आहे. ‘वज्रमूठ’ हा शब्द ऐक्यासाठी आणि अलीकडे राजकीय सभांसाठी इतका वापरला गेला आहे, की तो इथे नको.

शंका

वरील विवेचन पटण्यासारखे आहे, तरी दोन मुद्दे राहतात. पहिला असा, की अमेरिकेतील लाखो लोकांना ती कृती अवमानकारक वाटली हे वास्तव आहे. मग ‘अवमान’ हा शब्द वापरायचाच नाही का? दुसरा असा, की कॅपरनिक स्वतः ध्वजाविषयी बोलले होते, तेव्हा त्यांच्या कृतीचा ध्वजाशी संबंध नव्हता असे म्हणणे सोयीस्कर ठरत नाही का?

उत्तर

दुसरा मुद्दा मी आधी घेतो, कारण तो महत्त्वाचा आहे आणि कॅपरनिक यांची बाजू घेणारे तो अनेकदा टाळतात. कृष्णवर्णीयांवर जुलूम करणाऱ्या देशाच्या ध्वजाविषयी अभिमान दाखवण्यासाठी मी उभा राहणार नाही, अशा आशयाचे ते बोलले होते. संबंध होताच. पण इथे मराठी आपल्याला फार चांगली साधने देते. मान, अभिमान, अपमान, अवमान हे चारही शब्द एका धातूचे असले, तरी त्यांच्या कृती वेगळ्या आहेत. अभिमान दाखवण्यास नकार देणे म्हणजे अपमान करणे नव्हे; अपमानात दुसऱ्याला खाली आणण्याची क्रिया असते, नकारात ती नसते. ‘अवमान’ हा आपल्याकडे कायद्याच्या वापरातला शब्द झाला आहे, जसे न्यायालयाचा अवमान, आणि तो उच्चारताच गुन्हा घडला असे ध्वनित होते. कॅपरनिक यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता, आणि म्हणून त्यांच्या कृतीला ‘सविनय कायदेभंग’ म्हणणेही चूकच आहे.

भारतीय वाचकाच्या मनात हा शब्द पटकन येतो याला कारणही आहे. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवणे बंधनकारक केले होते आणि जानेवारी २०१८ मध्ये ते ऐच्छिक केले. कॅपरनिक यांच्या बातम्या आपल्याकडे वाचल्या गेल्या त्या याच काळात. मात्र केरळमधील तीन शाळकरी मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत पण धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत, त्यांच्या बाजूने याच न्यायालयाने १९८६ मध्ये निकाल दिला होता. न गाणे म्हणजे अनादर नव्हे, हा भेद आपल्या न्यायव्यवस्थेने फार पूर्वी केलेला आहे.

पहिल्या मुद्द्याचे उत्तर यातूनच निघते. ‘अवमान’ हा शब्द जरूर वापरावा, पण तो प्रतिक्रियेच्या वर्णनात, आणि तो कोणाचा आहे हे सांगून : ‘अनेक प्रेक्षकांनी हा अवमान मानला.’ सप्टेंबर २०१७ मध्ये तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अलाबामातील सभेत अशा खेळाडूंना शिवी देऊन मैदानाबाहेर काढण्याची भाषा केली, आणि पुढच्याच रविवारी दोनशेहून अधिक खेळाडू बसले किंवा एका गुडघ्यावर राहिले. ही प्रतिक्रिया आणि प्रतिप्रतिक्रिया सांगताना रागाचे शब्द त्या त्या माणसाच्या तोंडी राहिले पाहिजेत. कृतीचे नावच रागावलेल्या माणसाकडून उसने घेतले, तर वाचकाने काय ठरवायचे हे आपणच ठरवून टाकतो, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे.

‘काळी फीत’ या शब्दप्रयोगाचीही इथे आठवण होते, कारण मराठीत तो शोक आणि निषेध या दोन्ही अर्थांनी सहज चालतो. कर्मचारी काळ्या फिती लावून काम करतात आणि क्रिकेटपटू दिवंगत सहकाऱ्यासाठी फीत बांधतात. १० फेब्रुवारी २००३ रोजी हरारे येथे झिंबाब्वेचे क्रिकेटपटू अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा दंडाला काळी फीत बांधून उतरले, तेव्हा झिंबाब्वेतील लोकशाहीच्या मृत्यूचा आम्ही शोक करत आहोत, असे त्यांचे निवेदन होते. दोन्ही अर्थ त्यांनी एकाच वाक्यात आणले, आणि मराठी अनुवादकाला तिथे काहीच अडचण येत नाही.

शंका

‘बहिष्कार’ राहिला. २६ ऑगस्ट २०२० रोजी मिलवॉकी बक्स हा बास्केटबॉल संघ सामन्यासाठी मैदानावर आलाच नाही. तो बहिष्कार म्हणावा की संप?

उत्तर

अमेरिकेतही तेव्हा यावर वाद झाला होता. विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा येथे जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय नागरिकावर पोलिसांनी गोळ्या झाडल्यानंतर त्याच राज्यातील हा संघ ओरलँडोतील आपल्या खोलीतून बाहेर पडला नाही. बहिष्कार ग्राहक घालतो, प्रेक्षक घालतो. मोबदला घेऊन काम करणारा काम थांबवतो तेव्हा तो संप असतो. शिवाय लीगशी झालेल्या करारात संपाला मनाई होती, म्हणजे खेळाडूंनी धोका पत्करला होता, आणि तो ‘बहिष्कार’ या शब्दात दिसत नाही. २९ ऑगस्टला सामने पुन्हा सुरू झाले आणि संघांची क्रीडागृहे मतदानासाठी खुली करण्याचे मान्य झाले. अल्पकाळाच्या अशा कृतीसाठी मराठी कामगार चळवळीतला ‘लाक्षणिक संप’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो.

‘बहिष्कार’ मराठीत जपून वापरण्याचे आणखी एक कारण आहे. इथे तो आधी वाळीत टाकण्याचा शब्द आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्याविरुद्ध कायदा केला तो सामाजिक बहिष्कार होय. या अर्थाने कॅपरनिक यांनी बहिष्कार घातला नाही, तो त्यांच्यावर पडला : मार्च २०१७ मध्ये ते करारातून मोकळे झाले आणि त्यानंतर एकाही संघाने त्यांना करारबद्ध केले नाही.

आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आहे. दलित समाजातील क्रिकेटपटू पळवणकर बंधूंपैकी विठ्ठल आणि शिवराम यांनी १९२० मध्ये, नेतृत्व देताना जात आड आली म्हणून, धर्म-समाजवार संघांच्या मुंबईतील चौरंगी क्रिकेट स्पर्धेत हिंदू संघाकडून खेळण्यास नकार दिला. त्यांचे थोरले बंधू, डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू यांना पुण्यात संघसहकाऱ्यांपासून वेगळे, मातीच्या भांड्यातून चहा दिला जात असे. या भावांविषयी ‘माघार घेतली’ असे लिहिणे चूक, कारण ते मागे हटले नव्हते. ‘बहिष्कार टाकला’ हेही चूक, कारण तो त्यांच्यावर टाकलेला होता. ‘खेळण्यास नकार दिला’ हेच बरोबर आहे, आणि विठ्ठल १९२३ मध्ये त्याच संघाचे कर्णधार झाले, हे त्याच परिच्छेदात लिहावे.