मदत हवी आहे: नर्सिंग झालेल्या मुलींचं प्रत्यक्ष कौशल्य तपासायच्या संशोधनाला अनुदान कोण देतं?

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गातल्या एका छोट्या खासगी नर्सिंग कॉलेजात मेडिकल-सर्जिकल नर्सिंग शिकवते. आम्हाला एक अभ्यास करायचा आहे. आराखडा तयार आहे, माणसं तयार आहेत, अडलंय ते पैशांपाशी. कोणी आडगावच्या संस्थेतून संशोधनाचं अनुदान मिळवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

बी.एस्सी. नर्सिंगची मुलगी चार वर्षं शिकते, लॉगबुकात प्रत्येक प्रोसिजरपुढे सही घेते, पास होते, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करते आणि थोड्याच दिवसांत रात्रपाळीला वॉर्डात एकटी उभी असते. लॉगबुकातली सही सांगते की तिने ते केलं. तिला ते एकटीने, बरोबर आणि वेळेत जमतं, याची हमी कोण देतं?

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात फुरसं, घोणस चावलेले पेशंट येतात. विषाने रक्ताचं गोठणं बिघडलंय का, हे बघायला 20 मिनिटांची टेस्ट असते. शिरेतून काढलेलं 2 मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घालायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच नळी तिरकी करून बघायची. रात्री लॅब बंद असते तेव्हा एएसव्ही (सापाच्या विषावरचं प्रतिविष) सुरू करायचं की नाही, हे ठरवताना डॉक्टर याच नळीकडे बघतात. लेखी पेपरात आमच्या मुली हे बिनचूक लिहितात. प्रत्यक्ष करायला सांगितलं की कोणी प्लास्टिकची नळी उचलते, कोणी साबणाने धुतलेली, कोणी पाच मिनिटांतच हलवून बघते. अशा नळीत चांगलं रक्तही न गोठलेलं दिसू शकतं. मग गरज नसलेल्या माणसाला एएसव्ही चढतं, आणि त्याची रिअॅक्शन जिवावर बेतू शकते. विंचूदंशाचं वेगळं काय? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिनचा उपचार सगळीकडे पोचला, पण गोळी दिल्यावर रात्रभर बीपी, नाडी, श्वास बघत बसायचं काम सिस्टरचंच. लेप्टोच्या (उंदरांमुळे पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) पेशंटची लघवी मोजून लिहिणंही तिचंच.

2021 च्या सुधारित अभ्यासक्रमात सेमिस्टर आले, ओएससीई आली, आठव्या सेमिस्टरला 22 आठवड्यांची इंटर्नशिप आली. हे सगळं स्वागतार्हच आहे. ओएससीई म्हणजे एकामागून एक स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी एक काम आणि समोर चेकलिस्ट घेऊन परीक्षक. रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत 1975 मध्ये मांडली. जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवते, रोजच्या कामात करते. आपली परीक्षा फार तर तिसऱ्या पायरीपर्यंत जाते. पेशंटचा संबंध चौथीशी येतो, आणि तिथे आपण कधी जाऊन बघतच नाही.

म्हणून आमचा बेत असा. इंटर्नशिप संपताना 12 स्टेशनांची ओएससीई घ्यायची, त्यात सर्पदंश, विंचूदंश, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, औषधाच्या डोसचं गणित हे असेलच. प्रत्येक स्टेशनला दोन परीक्षक, दोघांनी स्वतंत्र गुण द्यायचे आणि त्यातला एक बाहेरचा. आपल्या विद्यार्थिनीला आपला हात सैल सुटतो, म्हणून हा आग्रह. सहा महिन्यांनी ती जिथे नोकरीला असेल तिथे जाऊन तीच कामं पुन्हा बघायची.

खर्च इथेच आहे. मुली कोणी गोव्याला, कोणी कोल्हापूरला, बऱ्याचशा मुंबईला जातात. प्रवास, परीक्षकांचं मानधन, पेशंटची भूमिका करणाऱ्यांचं मानधन, सरावाचे काही हात-मॅनिकिन आणि संख्याशास्त्रज्ञ धरून अंदाजे सहा लाख होतात. एका ठिकाणी विचारणा केली, तर ‘यात आजार कुठला आणि औषध कुठलं’ असं विचारून फाइल परत दिली.

माझे प्रश्न:
नर्सिंग शिक्षणावरच्या अभ्यासाला पैसे देणारं देशात कोण आहे? आयसीएमआरला (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला) असा प्रस्ताव कोणत्या अंगाने लिहावा? परदेशी संस्थेकडे अर्ज करणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं आहे का?

रत्नागिरीकर_73: ताई, विषय फार महत्त्वाचा आहे. परदेशाचं आधी सांगतो. सिग्मा थीटा टाऊ या नर्सिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची छोटी अनुदानं असतात, 5,000 डॉलरपर्यंत. अमेरिकेतल्या परिचर्या मंडळांची एनसीएसबीएन ही संस्था तर नेमक्या याच विषयात आहे. 2014 मध्ये त्यांनीच दाखवलं की सिम्युलेशन चांगल्या दर्जाचं असेल तर क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास त्यावर घेतले तरी निकालात फरक पडत नाही. पण तुमचं कॉलेज ट्रस्टचं असणार. एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर परदेशी पैसा ट्रस्टला घेता येत नाही, आणि असली तरी तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेने घेऊन तुम्हाला देणंही बंद आहे. त्यामुळे अर्ज लिहायला बसण्याआधी ट्रस्टच्या ऑफिसात हे विचारा.

आयसीएमआरला खासगी संस्थेकडून डीएसआयआर (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) मान्यतेचा कागद लागतो. तो नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजातल्या कम्युनिटी मेडिसिनच्या कोणाला प्रमुख संशोधक करा, तुम्ही सहसंशोधक व्हा. आणि प्रस्ताव ‘नर्सिंग शिक्षण’ म्हणून नको, ‘सर्पदंशाच्या पेशंटची सुरक्षितता’ म्हणून लिहा. काम तेच राहतं, आजार कुठला हा प्रश्न उरत नाही.

वॉर्ड_इनचार्ज: मॅडम, एथिक्स कमिटीचं आधी बघा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांना जास्त जपायला सांगितलंय, कारण शिक्षिकेला नाही म्हणणं त्यांना अवघड जातं. संमती तुम्ही स्वतः घेऊ नका, कॉलेजबाहेरच्या कोणाला तरी घेऊ दे. गुणांचा परीक्षेच्या निकालाशी किंवा नोकरीशी संबंध नाही हे लेखी द्या. आणि ज्या वॉर्डात बघायला जाल तिथल्या इनचार्जना आधीपासून सोबत घ्या, नाहीतर ते इन्स्पेक्शन वाटेल.

धागाकर्ती: दोघांचेही मनापासून आभार. सहसंशोधक व्हायला माझी काहीच हरकत नाही. प्रस्तावाचं शीर्षक आजच बदलते, पण प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं स्टेशन काढणार नाही, तिथेही मिनिटांचाच प्रश्न असतो. ओरोस किंवा रत्नागिरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनमध्ये कोणी ओळखीचं असेल तर मला व्यनि करा. दोन पानी सारांश लगेच पाठवते.