शब्दचर्चा : 'इग्नोरंट' म्हणजे अडाणीच का?

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत सूचनाफलकावर वाक्य लागलं, 'अनेक सभासद उपविधींबाबत अडाणी आहेत.' उपविधी म्हणजे सोसायटीचे नियम; मूळ इंग्रजी नोटिशीत होतं 'इग्नोरंट ऑफ द बायलॉज'. सर्वसाधारण सभेत त्यावरून चांगलीच जुंपली आणि दुखावलेल्यांची बाजू मला रास्त वाटते. सिंकिंग फंडाचा, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीचा, नियम ठाऊक नाही म्हणून कुणी अडाणी ठरत नाही.

'इग्नोरंट'नंतर 'ऑफ' किंवा 'अबाउट' आलं की बहुधा अर्थ त्या एका गोष्टीपुरता राहतो, ती माहीत नाही एवढाच. तिथे 'अनभिज्ञ' चपखल बसतो. नोटिशीत तर 'सभासदांना उपविधी माहीत नाहीत' पुरे होतं. नुसतं 'ही इज इग्नोरंट' म्हटलं की मात्र शेरा माणसावर जातो, मग अज्ञानी, अडाणी चालतील. निरक्षर नव्हे, त्यासाठी 'इलिटरेट' आहे, आणि पदवीधरही इग्नोरंट असू शकतो. आपल्या 'अजाण'मध्ये जी माया आहे तीही या शब्दात नाही. अजाण लेकराला 'इनोसंट' म्हणावं.

ब्रिटिश बोलीत 'इग्नोरंट' म्हणजे उद्धट, रीतभात नसलेला असाही अर्थ आहे. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत कुणी मध्येच घुसला की आपण 'काय अडाणी माणूस आहे!' म्हणतो, तोच सूर. इथे अडाणी अगदी योग्य.

'तो माझ्याशी इग्नोरंट वागतो', म्हणजे दुर्लक्ष करतो, असं हल्ली कानावर येतं. हे चूक आहे. 'इग्नोर' आणि 'इग्नोरंट' दोन्ही लॅटिन 'इग्नोरारे' म्हणजे 'न जाणणे' यातून आले खरे, पण दुर्लक्षाचा अर्थ इंग्रजीत क्रियापदाला पुढे चिकटला, विशेषणाला नाही. फ्रेंचमध्ये त्याच क्रियापदाचा अर्थ आजही 'माहीत नसणे' असा होतो.

मला सगळ्यात भावतं ते या शब्दाचं कूळ. त्यातला 'ग्नो' आणि संस्कृत 'ज्ञा' मुळात एकच. 'अज्ञ' आणि 'इग्नोरंट', दोन्हींत आधी नकार, मग जाणणं. इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सले यांनी १८६९ साली ग्रीकवरून घडवलेला 'अ‍ॅग्नॉस्टिक'ही याच कुळातला आणि आपला 'अज्ञेयवादी'ही. अर्थ मात्र वेगळे ठेवावेत. अज्ञ माणसाला पुढे कळू शकतं. अज्ञेयवादी म्हणतो की ईश्वर आहे की नाही, हे कळणंच शक्य नाही.