मदत हवी आहे: फुफ्फुसाच्या कॅन्सरची गोळी चालू असताना हळद-मिरीच्या कॅप्सूल

नमस्कार मंडळी, बाबांना (वय ६७) फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, गाठीच्या तपासणीत ईजीएफआर म्युटेशन (कॅन्सरच्या पेशींच्या जीनमधला एक बदल) निघालं म्हणून त्यावरची पाच महिने जेफिटिनिब २५० ची रोज एक गोळी चालू आहे. खोकला बराच कमी झालाय, जिना चढून वर येतात, देवाची कृपा.

पण परवा त्यांचा गोळ्यांचा स्टीलचा डबा भरायला घेतला तर तळाशी नारिंगी कॅप्सूलची अर्धी रिकामी पाकिटं, मागे बारीक अक्षरात कर्क्युमिन (हळदीतलं द्रव्य) आणि पायपरिन (मिरीतलं). मामांनी आणून दिल्यात आणि बाबा तीन आठवडे गुपचूप घेतायत, वर सकाळी गुळवेलीचा काढा पण. मामांचा फार जीव आहे त्यांच्यावर त्यामुळे बोलता पण येईना.

बाबा म्हणतात केमोची औषधं पण झाडांचीच ना, मग हळदीनं काय होतंय. ते खोटं नाही, व्हिनोरेल्बिन सदाफुलीतल्या द्रव्यापासून बनतं, आणि टोपोटेकान ज्या कॅम्प्टोथेसिनपासून बनतं ते तर आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात पण असतं, पण ते द्रव्य वेगळं काढून, डोस ठरवून, माणसांवर ट्रायल करून मग सलाईनमधून देतात हो, नरक्याचा पाला उकळून नाही.

मला खरी भीती मिरीची वाटते. हळद अंगाला नीट लागत नाही म्हणून मिरी घालतात, १९९८ च्या बंगलोरच्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं तर कर्क्युमिन २० पट शोषलं गेलं. पण पायपरिन लिव्हरमधलं सीवायपी३ए४ हे एन्झाइम पण दाबतं असं लॅबमध्ये दिसलंय, आणि जेफिटिनिब मोडायचं काम मुख्यतः त्याच एन्झाइमकडे आहे, मग गोळी पण अंगात साठत गेली तर? कर्क्युमिन आणि जेफिटिनिब एकत्र चांगलं चालतं असं वाचलं ते पेशींवर आणि उंदरांवरचं. इकडे बाबांचं एसजीपीटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढतं ते) मागच्या महिन्यात ३८ होतं ते आता ११२ आलंय. गोळीनं की कॅप्सूलनं की गुळवेलीनं (तिच्यानंही लिव्हरला त्रास झालेल्या केसेस मुंबईतून आल्या होत्या), काय समजायचं?

कॅप्सूल आणि काढा कालपासून बंद केलाय, जेवणातली हळद तेवढी चालू आहे. गुरुवारी ओपीडी आहे, पाकिटं सोबत नेणार आहे.

कुणाच्या घरी असं झालंय का? बंद केल्यावर एसजीपीटी किती दिवसांत उतरलं, डॉक्टरांनी गोळी मध्ये थांबवली का? आणि मामांना न दुखावता कसं सांगितलंत तेही लिहा प्लीज, रविवारी ते परत येतायत.