कुलाब्याच्या आधीचा पाऊस कळतो कसा?

घाटकोपरकर: काल लोकलमध्ये एकजण सांगत होता की शास्त्रज्ञ 4000 वर्षांपूर्वीचा मान्सून पण सांगतात, अरे पण कुलाब्याची वेधशाळाच 1826 ची ना, मग त्याआधी मोजला कोणी?

कटिंगचहा: मोजला नाही रे, गुहेने लिहून ठेवला. मेघालयात मॉम्लुह गुहा आहे, छतातून पाणी ठिबकतं आणि खाली चुन्याचा सुळका थरावर थर वाढत जातो, पाऊस जोरात झाला की त्या थरात जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार) कमी सापडतो. थराचं वय त्यातल्या युरेनियमचं किती थोरियम झालं यावरून काढतात.

दादरवाली: सागाच्या खोडातली वर्तुळं पण बघतात, पाऊस कमी तर वर्तुळ बारीक.

घाटकोपरकर: भारीच! पण एका गुहेवरून अख्ख्या देशाचं?

कटिंगचहा: छे, 26 जुलै 2005 आठवतोय ना, सांताक्रूझला 944 मिमी आणि कुलाब्याला जेमतेम 73. म्हणून तर ठिकठिकाणचे नमुने जुळवत बसतात.