४२९४९६७२९७ फुटली ती नशिबाने?

बाकीशून्य: ‘गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये २^३२ + १ (म्हणजे ४२९४९६७२९७) अभाज्य धरली आणि १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरला भागता भागता नशिबाने ६४१ सापडला,’ ही पोस्ट वाचून राहवलं नाही. नशीब कसलं? प हा तिचा मूळ विभाजक असेल तर प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची १. त्याआधी १ येऊच शकत नाही, म्हणून प − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा. मग ६५, १२९, १९३ अशी ६४-६४ ची उडी घ्या. त्यात मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला बाकी शून्य, भागाकार ६७००४१७.

खडूफळा: आधी शब्द. ‘अभाज्य’ हिंदीतला, आपल्या पाठ्यपुस्तकात ‘मूळ संख्या’ आहे. पोस्ट लिहिणाऱ्यांनी तेवढं तरी पाळावं. आता मुद्दा: १७३२ च्या टिपणात ऑयलरने नुसता ६४१ दिला, रीत नाही. ६४ ने भाग जायची ती सिद्धता बरीच नंतरची. आणि ६४१ ने भाग जातो हे वर्गात पटवतात ती युक्ती (६४१ = ५ × १२८ + १ = ६२५ + १६) तर ६४१ हाती आल्यावरच सुचते. मुलांना ती जादूसारखी दाखवणं बंद करा!

बत्तीसबिट: एवढा खटाटोप कशाला? पाया २ ची फर्मा चाचणी लावा (२ चा, संख्येपेक्षा एकने कमी एवढा घात काढून त्या संख्येने भागा; संख्या मूळ असेल तर बाकी १ येते), सी भाषेत चार ओळी. अनसाइन्ड ६४-बिटमध्ये उत्तर ० येतं, १ नाही. म्हणजे संयुक्त, मूळ नाही. संपलं.

बाकीशून्य: साफ चूक. खरं उत्तर १ आहे. पाया २ ला ही संख्या मूळच भासते. तुमच्या कोडमध्ये काय होतं ते बघा: २ चा वर्ग ४, मग १६, २५६, ६५५३६, पाचव्यांदा ४२९४९६७२९६. याचा वर्ग बरोबर २^६४. तो ६४ बिटांत मावत नाही, एका बिटाने सांडतो आणि हाती उरतं शून्य. एकूण ३२ पैकी पुढचे २६ वर्ग शून्याचेच. बाकी काढायची ओळ नंतर येते, तोवर आकडा गेलेला असतो. निकाल बरोबर आला तो केवळ चुकीमुळे, आणि असला कोड लोक उचलून वापरतात!

बत्तीसबिट: आवाज चढवायची गरज नाही. १२८-बिट प्रकार घेतला, १ आलं. पायथनमध्येही १. मानलं. पण पाया ३ घ्या, तिथे १ येत नाही. चाचणी टाकाऊ नाही, पाया चुकीचा होता.

खडूफळा: पाया ३ ने फक्त ‘संयुक्त’ एवढंच कळतं, ६४१ मिळत नाही. आणि ६७००४१७ मूळ आहे हे अजून कुणी दाखवलेलं नाही, सगळे गृहीत धरून बसलेत.

बाकीशून्य: घ्या. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. गणितज्ञ ल्युकाने नंतर दाखवलं की ४२९४९६७२९७ चा, म्हणून ६७००४१७ चाही, विभाजक १२८क + १ (क पूर्णांक) असाच लागतो. २५८८ पर्यंत तशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही. हाच नियम थेट ४२९४९६७२९७ ला लावला तर ६४१ पर्यंत २५७ आणि ६४१ एवढेच उरतात. २५७ स्वतः फर्मा संख्या (२^८ + १; २^३२ + १ सारखीच, घातांकही २ चा घात), आणि दोन फर्मा संख्यांना सामाईक विभाजक नसतो. म्हणजे एकच भागाकार!

खडूफळा: तो ल्युकानंतर. ऑयलरला पाच करावे लागले असते. पण पाच भागाकारांना नशीब म्हणता येणार नाही, एवढं मान्य.