मदत हवी: एक्सॉर शिकतच नाही, चारही उत्तरं ०.५ (उद्या सकाळी वर्ग आहे)

सांगलीवाडी: छोट्या न्यूरल नेटवर्कला एक्सॉर शिकवतोय (०-१ चे दोन इनपुट वेगळे असले तर उत्तर १, सारखे असले तर ०; असे चार नमुने). दोन इनपुट, मधे दोन युनिट, एक आउटपुट. प्रत्येक युनिटला सिग्मॉइड (कुठलाही आकडा ० ते १ च्या मधे बसवणारं सूत्र). बॅकप्रॉपची (आउटपुटची चूक मागं नेऊन आकडे सुधारण्याची) सूत्रं तीनदा तपासली, बरोबर आहेत. हजार फेऱ्यांनंतरही ०.५, ०.५, ०.५, ०.५. उद्या सकाळी वर्गात दाखवायचंय. लवकर सांगा.

विश्रामबाग: पायथनमध्ये तयार लायब्ररी घ्या, दहा ओळींत होतं.

सांगलीवाडी: पोरांना आकडे हलताना दिसायला हवेत. म्हणून एक्सेल.

हरिपूररोड: एक्सेल आहे हे आधी सांगायचं की! सुरुवातीचे वेट (जोडण्यांवरचे आकडे) किती? लर्निंग रेट (एका वेळी किती बदल करायचा)? बदल प्रत्येक नमुन्यानंतर करताय की चारही नमुन्यांची बेरीज करून?

सांगलीवाडी: बेरीज करून. रेट ०.१. पहिल्या ओळीत वेटचे रकाने मोकळेच आहेत, खालच्या ओळी (एक ओळ म्हणजे एक फेरी) सूत्रानं येतात.

हरिपूररोड: तिथंच अडलंय. मोकळा रकाना म्हणजे शून्य. नऊही आकडे (सहा वेट, आणि तीन बायस म्हणजे प्रत्येक युनिटच्या बेरजेत मिळवायचा आकडा) शून्य असले की मधली दोन्ही युनिट ०.५ देतात, आउटपुटही ०.५. आउटपुटची चूक (तफावत ०.५ गुणिले सिग्मॉइडचा उतार ०.२५) दोन नमुन्यांत +०.१२५, दोन नमुन्यांत -०.१२५, बेरीज शून्य. आउटपुटचे वेट शून्य असल्यानं मागं चूक पोचतच नाही. लाख ओळी ओढल्या तरी पान हलणार नाही.

सांगलीवाडी: मग सगळीकडे ०.३ घालतो.

हरिपूररोड: नको. मग दोन्ही युनिट कायम जुळी राहतील, म्हणजे युनिट एकच.

तासगावकर: हे बेदाण्याच्या चाळणीसारखंच झालं. एका चाळणीनं बारीक आणि जाड वेगळा होतो. फक्त मध्यम हवा असेल तर दोन चाळण्या लागतात, त्याही वेगवेगळ्या भोकांच्या. एकच चाळण दोनदा मारून काय मिळणार?

हरिपूररोड: नेमकं हेच! एक्सॉरमध्ये इनपुटची बेरीज ०, १ किंवा २ होते, आपल्याला मधला १ हवाय. उद्या बोर्डावर हेच दाखवा. पहिलं युनिट: वेट २०, २०, बायस -१०. दुसरं: -२०, -२०, बायस ३०. आउटपुट: २०, २०, बायस -३०. शिकवणी न करताही चारही उत्तरं बरोबर येतात.

विश्रामबाग: पण मिन्स्की आणि पेपर्ट या संशोधकांनी १९६९ मध्येच सिद्ध केलं होतं की परसेप्ट्रॉनला (सुरुवातीच्या साध्या न्यूरल नेटवर्कला) एक्सॉर जमत नाही.

हरिपूररोड: मधल्या युनिटांचा थर नसेल तर जमत नाही. अशी युनिट एकमेकांना जोडून तर्काची गणितं सुटतात हे मॅक्युलक आणि पिट्स यांच्या १९४३ च्या लेखातच आहे. अडत होतं ते मधल्या थराला शिकवायचं कसं इथं. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखानंतर बॅकप्रॉप सगळीकडे पोचलं. मुलांना हा फरक नक्की सांगा, बहुतेक ठिकाणी तो गाळलेला असतो.

मिरजजंक्शन: यंत्र विचार करतं का, हा खरा प्रश्न आहे. गणितज्ञ ट्युरिंगनं १९५० मध्ये त्याऐवजी संभाषणाची कसोटी सुचवली. वर्गात तिथूनच सुरुवात करावी.

सांगलीवाडी: तो पुढचा तास. आत्ता रँड वापरून -१ ते १ आकडे घातले, पण कुठलाही रकाना बदलला की सगळं नव्यानं बदलतंय!

हरिपूररोड: रँड दर वेळी नवा आकडा काढतो. ते नऊ रकाने कॉपी करा, तिथंच पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज. रेट २ करा आणि ओळी पाच हजारपर्यंत ओढा. ०.१ ला हजार ओळी पुरणार नाहीत.

सांगलीवाडी: हलायला लागलं! पण आता (०,०) ला जवळजवळ ०, आणि उरलेल्या तिन्हींना साधारण ०.६७ वर थांबलंय.

तासगावकर: एकच चाळण चालतीय.

हरिपूररोड: बरोबर. दुसरं युनिट सपाट भागात अडकलंय: त्याचं आउटपुट ० किंवा १ ला चिकटलं की उतार जवळजवळ शून्य होतो आणि शिकणं थांबतं. नवे आकडे काढून परत चालवा. तरी अडलं तर मधे तीन युनिट घ्या. जमलेले नऊ आकडे वेगळ्या पानावर ठेवा, वर्गात त्यांच्यापासूनच सुरुवात करा. आणि हे अडकलेलं पानही पुसू नका, मुलांना तेही दाखवा.